अर्खीपची कोरी चिठ्ठी

अर्खीप झुबोव म्हणजे आमच्या पायदळ डिव्हिजनचा तारवाला. माऱ्यात टेलिफोनची तार तुटली की हा पोटावर सरपटत जायचा, जोडून यायचा. आला की पहिला प्रश्न, "कापा, लापशी उरलीय, की तूच चापलीस सगळी?" कापा म्हणजे मी, कापितोलिना. फोन जोडून द्यायच्या पेटीवर बसायचे, सगळे फोन माझ्याच हातून जायचे, आणि त्याला शिव्या घालायचे.

बेचाळीसच्या ऑगस्टात, र्झेव्ह शहराजवळ जर्मनांशी लढताना त्याच्या खांद्यात तोफगोळ्याची कपची घुसली. इस्पितळात नेलं. आता आमच्या पोरांची खोड ऐका! बऱ्या झालेल्या शिपायाला वरचे लोक कुठल्याही डिव्हिजनमध्ये धाडत. आपली माणसं सोडून परक्यांत जाऊन मरायचं? छे! त्यापेक्षा पळून आपल्यांना गाठायचं. हा बहाद्दरही कागदपत्रं तिथेच टाकून, इस्पितळाच्या सपाता घालून चाळीस किलोमीटर चालत आला आणि पुलावरच्या पहाऱ्याने धरला. बिनकागदाचा म्हणजे पळपुटा, आणि पळपुट्याला गोळी.

भर दुपारी माझी पेटी खणखणली. पहाऱ्यावरचा कॅप्टन आमच्या कारकुनाला विचारत होता.

"झुबोव म्हणवतोय. तुमचा का?"

"झुबोव? तो केव्हाच मेला. इस्पितळातून तसा कागद आला, यादीतून नाव काढलं, घरीसुद्धा कळवलं."

मेला? मला कुणी सांगितलं कसं नाही?

"गळ्यात काळी डबी आहे," कॅप्टन म्हणाला, "पण आतली चिठ्ठी कोरी. म्हणतो, नाव लिहिलं की माणूस मरतो." तो हसला. "न लिहूनही मरेल आता."

प्रेत ओळखू यावं म्हणून प्रत्येकाला ती डबी दिलेली, आतल्या चिठ्ठीवर नाव-पत्ता लिहायचा. पण नाव लिहिणं म्हणजे मरणाला आवतण, असं आमच्यात पक्कं! माझीही कोरीच होती.

पेटीवालीने मध्ये तोंड घालायचं नाही, हा नियम. खड्ड्यात गेला नियम!

"कॉम्रेड कॅप्टन, फोन त्याच्या कानाला लावा!"

"कोण बोलतंय?"

"त्याला ओळखणारी! लावा म्हणते ना!"

खरखर झाली. "बोल रे!" मी ओरडले. मग तो आवाज.

"कापा, ओढ्याजवळच्या जोडाला माझी चिंधी आहे का गं अजून?"

बुटात पायाला गुंडाळायची पट्टी फाडून त्याने तो जोड बांधला होता. तेव्हा तारेचं रीळ धरून मी शेजारी होते, तिसरं कुणी नव्हतं.

"आहे रे मेल्या! आत्ता तिच्यातूनच बोलतोयस!" मला हसू फुटलं, रडूही फुटलं. "कॉम्रेड कॅप्टन, हा आमचाच आहे. खोटं निघालं तर मलाही त्याच्या शेजारी उभं करा!"

कॅप्टन म्हणाला, "घेऊन जा तुमचं भूत."

दिवस मावळता तो आला, एक सपात वाटेतच हरवलेली. मी वाडगाभर लापशी पुढे ठेवली, वर पेन्सिल आपटली. "आता तरी लिही नाव!"

"वेडी की काय! मेल्यावर तूच लिही."

युद्ध संपलं, आमचं लग्न झालं, ती डबी कपाटात पडून राहिली. चव्वेचाळीस वर्षं! गेल्या हिवाळ्यात तो गेला. दफन करून आले आणि डबी उघडली. चिठ्ठीवर झुबोव, अर्खीप, लिहिलं. खाली छापलेलं होतं, कुटुंबाचा पत्ता. तिथे आमच्या घराचा लिहिला.