आमच्या घराण्याची कावीळ

बाबाच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, त्याच्या काही दिवसांनी डॉक्टरनं आमाले नागपुरात कॉम्प्युटरसमोर बसवलं. मी तर खुर्ची ओढून पुढंच गेली. एका बाजूले बाबाच्या पोटाचं सीटी स्कॅन, दुसऱ्या बाजूले गाठीच्या जीन्सचा रिपोर्ट, अन् एआय दोन्ही जोडून सांगून राहिला का कॅन्सर परत यायचा धोका किती, कोणतं औषध चालंल. भारीच ना!

मग डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कोणाले होता का? रिपोर्ट पाहून त्यायले शंका होती का हे घराण्यातूनच आलं असंल. तसं असलं तर सगळ्यायची तपासणी लागते. बाबाचे मोठे भाऊ, आमचे मोठेबाबा, लगेच म्हणाले, "कोणालेच नाही. आमचा बाप कावीळनं गेला, बहीणबी कावीळनंच."

आमच्या गावात, दवनीवाड्यात, सोयरीक जुळवताना घरात कोण कायनं मेलं ते आधी विचारतात. म्हणून आमच्याकडं कॅन्सरनं कोणी मरतच नाही, सगळे कावीळनं मरतात. माह्या लग्नाची बोलणी केशोरीच्या एका घराशी चालू होती, म्हणून मोठेबाबानं दवाखान्यातबी तेच सांगतलं. एवढं हुशार मशीन, अन् आमी त्याले आमची थाप खाऊ घातली.

पण आत्याले मी पाह्यलं होतं. पोट फुगलेलं, संडासातून रक्त. डोळे पिवळे कधीच नव्हते. आजाचंबी असंच झालं होतं, हे आत्याच सांगे.

मी म्हटलं, "डॉक्टर, ते खोडा. आत्याले आतड्याचा कॅन्सर होता. आजालेबी."

मोठेबाबा माह्याकडं न पाहता बोलले, "तुले लगन करायचं हाय का नाही?"

"करायचं हाय. जिवंत राहून."

 ऑपरेशनपासून पहिल्यांदाच बाबा हसले, अन् टाके दुखले म्हणून पोट धरून बसले.

त्याच दिवशी मी तपासणीले रक्त दिलं. मोठेबाबानं नाही दिलं, अन् परत येताना गोंदियापर्यंत माह्याशी बोललेबी नाही. केशोरीवाल्यायले मी सोताच फोन करून सगळं सांगतलं. कळवतो म्हणाले. अजून कळवून राहिले. नका कळवू.

मग आत्याच्या पोरीले फोन लावला, ती कुडव्यात राहते.  ती हळूच म्हणे, तिलेबी चार महिन्यांपासून रक्त जाते, घरचे मूळव्याध म्हणतात. येत्या सोमवारी मी तिले गाडीवर मागं बसवून आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीले नेऊन राहिली.

सासरी काय सांगू, तिनं विचारलं. म्हटलं, खरं सांग. अन् कोणी अडवलं तर फोन माह्याकडं दे.