पडद्यावरचा घरमालक

लातूरच्या थिएटरात, परदेशी आश्रयाला गेलेल्या एका जोडप्याचा चित्रपट पाहत होतो. घरमालकाने त्यांना खोली नाकारली, तेव्हा मी संतापून म्हणालो, "असल्या माणसाला नोटीसच बजावली पाहिजे."

शेजारची अनोळखी बाई पदर तोंडाशी धरून हसली. "बजावा की, काका. पर त्यो तोंडावर तरी न्हाई म्हणला. भूकंपात गाव गेलं, आम्ही दोघं हितं आलो. लोकांनी भाकरी लई दिली. खोली मागितली की म्हणायचे, क्लासची पोरं येणार हायत."

नवऱ्याने तिला कोपराने गप्प केले.

माझ्याही माडीवरच्या खोल्या क्लासच्या मुलांसाठीच राखीव असतात. हे दोघे कधी माझ्या दारी आले होते का, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. उरलेला चित्रपट मी मान खाली घालून नुसता ऐकला.