झपाट्याची न्याहारी

डेपोतून पहिली गाडी सुटायच्या आधी कॅन्टीनच्या खिडकीवर पूर्वी जी मारामारी चालायची ती ज्यानं पाहिली नाही, त्यानं मारामारी पाहिलीच नाही म्हणा. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, गाड्या धुणारे, सगळे एकदम तुटून पडायचे. प्रत्येकाची गाडी सुटायला आलेली, प्रत्येकाच्या पोटात कावळे ओरडत असायचे, आणि भुकेल्या माणसाला ना वय कळतं ना मान. त्या खिडकीच्या आत जी बाई उभी असायची, तिला सगळा डेपो झपाटा मावशी म्हणायचा.

नाव उगीच पडलं नव्हतं. ऑर्डर देणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कागदात गुंडाळलेला ऐवज त्याच्या हातात पडलेला असायचा. न्याहारीबद्दल तिचे नियम पक्के होते. खाणं एका हातात मावलं पाहिजे, कारण दुसरा हात स्टिअरिंगवर. ते युनिफॉर्मवर गळता कामा नये. आणि दुपारपर्यंत पोटानं पुन्हा हाक मारता कामा नये. बटाटे आदल्या दिवशी उकडून ठेवलेले, नुसतं अंडं मागणाऱ्यांसाठी उकडलेली अंडी सोलून पाण्यात बुडवलेली, कांदा चिरून डब्यात झाकलेला. सकाळी फक्त तव्यावर अंडं फोडायचं, त्यावर बटाटा कुस्करायचा, वर पाव उपडा मारायचा आणि सगळंच उलटवायचं. घाईतल्या घाईवाल्यांसाठी दुधात भिजवलेले ओट्स आणि केळं पेल्यात तयार. शिळा भात उरला असेल तर तो अंड्यात परतून द्यायची, आणि शिळ्याला नाक मुरडणाऱ्याला म्हणायची, "मग जा उपाशी. तुझी गाडी काय तुझ्या नाकावर चालते का?"

एकदा एका दांडगट मेकॅनिकनं शेवटच्या अंडा-पावासाठी एका किडकिडीत कंडक्टरचं डोकं खिडकीच्या कट्ट्यावर आपटलं. कंडक्टरची भुवई फुटली, रक्ताची धार लागली, पावाचा कागद लाल झाला. बाकीचे बघत उभे. बघ्यांची कुठेच कधी कमतरता नसते. मावशी तव्यावरचं तापलेलं उलथणं घेऊन बाहेर आली, मेकॅनिकच्या कानाजवळ धरलं आणि शांतपणे म्हणाली, "काय भाजू, सांग. आम्लेट की कान?" मेकॅनिक मुकाट खाली बसला. तिनं तो पाव कंडक्टरला दिला, वर भुवईवर दाबायला फडकंही दिलं. त्या दिवसापासून खिडकीवर रांग लागायला लागली.

अशी ही बाई. बाहेर वाघीण. घरी मात्र आयुष्यभर शेळी होऊन राहिली, आणि इथंच माझं डोकं फिरतं.

तिचा नवरा लोखंडाच्या ओतशाळेत कामाला होता. सकाळचा भोंगा व्हायच्या आत त्याच्या पोटात न्याहारी पडायला हवी, नाहीतर बायकोच्या पाठीत बुक्की पडायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं गरम चहाचा पेला तिच्या अंगावर फेकला. पुढे एकदा असा फटका हाणला की डावा कान कायमचा बहिरा झाला. एकदा चुलीजवळच्या ओट्यावर ढकलून दिलं, तेव्हा गळ्याजवळचं डावं हाड मोडलं. ते वाकडंच जुळलं, म्हणून झपाटा मावशी पिशवी नेहमी उजव्या खांद्यावर घ्यायची. मार खाऊन झाला की ती रडत बसायची नाही. आज वेळ कुठे गेला, हे शोधायची. बटाटे उकडण्यात गेला? मग उद्यापासून रात्रीच उकडायचे. अंडी सोलण्यात गेला? ती पण रात्रीच. असा एकेक फटका खात खात ती एकेक युक्ती शिकली. डेपोत कुणी कौतुकानं विचारलं, "मावशी, एवढा हात कुठे बसला?" तर म्हणायची, "नवऱ्यानं शिकवलं." लोकांना वाटायचं, नवरा आचारी असेल.

तो माणूस एक दिवस कामावरच छातीत कळ येऊन गेला. सुटली बिचारी, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलगा मोठा होत होता.

मुलगा त्याच डेपोत ड्रायव्हर झाला. रस्त्यात कुत्रं आडवं आलं तरी बस थांबवणारा, म्हाताऱ्या प्रवाशांना हात धरून उतरवणारा. सगळे म्हणायचे, सोन्यासारखा मुलगा आहे. त्याचं लग्न झालं, आणि मावशीच्या खोलीशेजारीच त्यानं बिऱ्हाड थाटलं. सून कपड्यांच्या दुकानात कामाला जायची. हसरी पोरगी, हसली की शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. सासूला त्या हसण्याची सवय झाली. बहिऱ्या कानाची बाई, पण ते हसणं बरोबर ऐकायची.

मग मावशी सुट्टीवर असताना एका सकाळी भिंतीपलीकडून ताटली आपटल्याचा आवाज आला. मावशी गेली तेव्हा भिंतीवरून अंडं ओघळत होतं. सुनेच्या केसांत पावाचे तुकडे अडकले होते आणि गालावर चार बोटं उठली होती. मुलगा बूट घालून निघूनही गेला होता.

मावशीनं काय केलं असेल? कुणाला सांगून खरं वाटणार नाही. तिनं सुनेच्या केसांतले तुकडे काढले आणि म्हणाली, "बटाटे रात्रीच उकडून ठेवत जा गं."

अहो, काय म्हणावं या बाईला! घर पेटलंय आणि ही सांगतेय, पाणी जरा गाळून घे. पण तिच्या जिवाची तगमग खोटी नव्हती. तिला पोरगी वाचवायची होती, आणि वाचवायची तिला ठाऊक असलेली रीत एवढीच होती. पदराला खार लावून शिकलेलं सगळं तिनं सुनेसमोर ओतलं. दोघी संध्याकाळी बसून अंडी सोलायच्या. पाव आधीच कापून फडक्यात बांधायचा. ओट्स झाकून ठेवायचे. तवा आधी तापत ठेवायचा, मगच अंघोळीला जायचं. पोरगी हुशार होती. बघता बघता तिचा हात सासूइतका बसला.

मार थांबला नाही. फक्त जागा बदलली. आधी गाल होता, मग दंड झाला, मग पाठ झाली, जिथं दुकानातल्या गिऱ्हाइकांना दिसत नाही. सून एकदा म्हणाली, "आई, आज सगळं वेळेत होतं हो."

"मग गार झालं असेल," मावशी म्हणाली.

सून खाली मान घालून अंडी सोलत राहिली. तिचं हसणं केव्हाच बंद झालं होतं.

मावशीला चैन पडेना. आपल्या शिकवण्यात काहीतरी राहून जातंय, असं तिच्या मनानं घेतलं. म्हणून आपल्या सुट्टीच्या दिवशी ती स्वतः सुनेच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, चूक कुठे होते ते डोळ्यांनी बघायला. डेपोतला सगळ्यात चपळ हात आणि त्या हाताखाली तयार झालेला दुसरा हात, दोघींनी मिळून असा काही झपाटा लावला की मुलगा न्हाणीतून बाहेर यायच्या आत टेबलावर वाफाळता अंडा-बटाटा-पाव, केळं आणि चहा हजर. मावशीनं पाव उलटवताना तो उडवून परत तव्यावर झेलला, तेव्हा सून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मावशीलाही हसू आलं.

मुलगा आला, बसला, खाल्लं. चवीनं खाल्लं. ताटलीत कण ठेवला नाही. चहा संपवला, तोंड पुसलं. घड्याळ बघितलं, वेळ भरपूर होता. मग उठला आणि सरळ बायकोचे केस धरले.

"आत काय खिदळत होतीस? मला हसत होतीस?"

तिचं डोकं त्यानं दारावर आपटलं. ती आईऽ म्हणून ओरडली, आणि ही हाक आपल्याला आहे हे कळायला मावशीला क्षणभर वेळ लागला. तेवढ्यात त्यानं तिला फरफटत ओट्यापाशी नेलं आणि तिचा तळहात तापल्या तव्यावर दाबून धरला. चर्र आवाज झाला. जळल्याचा वास आला.

मावशी टेबलावरच्या ताटलीकडे बघत होती. ताटली स्वच्छ होती. न्याहारी वेळेत होती, गरम होती, पोटभर होती.

तिनं तव्याची दांडी पकडली, सुनेच्या हाताखालून तवा ओढून काढला आणि मुलाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिच्या बहिऱ्या कानालाही आला असेल. तो किंचाळला. दुसरा फटका खांद्यावर बसला. तो गुडघ्यांवर आला आणि चांगला हात डोक्यावर धरून म्हणाला, "आई, आई, अगं मी आहे!" तिसरा त्या हातावर बसला. कातडी लालभडक झाली, तिथं लगेच फोड उठला. चौथ्यासाठी तवा वर गेला तेव्हा सुनेनं मागून कमरेला मिठी मारली.

"आई, बास! मरतील ते!"

"मरू दे."

"आई, बास ना. माझा हात जळतोय."

तेव्हा तवा खाली आला. मावशीनं नळ सोडला, सुनेचा हात त्याखाली धरला आणि शेजारच्या काकांना गाडी काढायला सांगितलं. मुलगा जमिनीवर बसून लहान पोरासारखा हमसत होता. गाडीत तोही चढला, पण त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

दवाखान्यात डॉक्टर आधी ड्रायव्हर साहेबांच्या मनगटाकडे वळले. "कसं झालं?"

"न्हाणीत घसरलो," मुलगा म्हणाला आणि त्यानं आईकडे पाहिलं. आई मान डोलावेल याची त्याला खात्री होती. आयुष्यभर तिला मान डोलावतानाच त्यानं पाहिलं होतं.

"घसरला नाही. मी मारलं," मावशी म्हणाली. "का मारलं ते हिच्या हातावर दिसतंय. आधी हिला बघा. आणि पोलिसांना कळवायचं असेल तर दोन्ही कळवा."

"आई, मी तुझा मुलगा आहे गं," तो म्हणाला.

"हो ना. तेच तर दुःख आहे." मग म्हणाली, "प्लास्टर झालं की मित्राकडे जा. घरी यायचं नाही."

त्याला मनगटाचा एक्स-रे काढायला आत नेलं. सुनेच्या हाताला मलम लावून पट्टी बांधली. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. नर्सनं दिलेली बिस्किटं दोघींच्या मध्ये तशीच पडली होती.

सुनेनं पट्टीचा हात मांडीवर ठेवला. मग तिनं विचारलं, "आई, तुमच्या हातात एवढं बळ होतं. मग मामंजींना कधी एकदा तरी का नाही हो मारलंत?"

मावशीनं मधली बिस्किटं बाजूला सरकवली. उजव्या कानानं तिनं प्रश्न नीट ऐकला होता.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मीच हळू आहे."