रूथबाईची ओटी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्वदीर्घ चुकतं, अक्षर ओळ सोडून खाली उतरतं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. दोन महिन्यांपूर्वी पाळकांच्या बायकोनं विलायतेहून आलेलं इंग्रजी पत्र वाचून दाखवलं. रूथबाई तापानं गेल्या. लग्न झालं नव्हतं... हे शेवटचं मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं.

रूथबाई आणि हेलनबाई, दोघी तरुण, मिशनच्या बंगल्यात पाच वर्षं होत्या. दुपारी आम्हा दहाजणींना शिवण शिकवायच्या. हेलनबाई शिस्तीच्या. रूथबाई आमच्यात जमिनीवर बसायच्या, टाका चुकला की हसत उसवायच्या. कोणाकडे हळदीकुंकू असलं की दारात उभ्या राहून ओटी कशी भरतात ते टक लावून बघायच्या. त्यांची मुदत संपली तेव्हा आम्ही ठरवलं, लेकीला सासरी पाठवतो तशी दोघींची खणानारळानं ओटी भरायची. बाकीच्या नऊजणींनी चार-चार आणे काढले. मला लिहिता-वाचता येतं म्हणून सव्वादोन रुपये माझ्याकडे दिले.

त्याच आठवड्यात नणंद लांज्याहून माहेरपणाला आली. यांची मुंबईहून मनिऑर्डर आली नव्हती. नणंद रिकाम्या ओटीनं परत गेली असती तर सासूबाईंनी मला जन्मभर ऐकवलं असतं... मी त्या पैशांतून तिला खण, बांगड्या, तिच्या मुलाला अंगडं घेतलं. बायकांना सांगितलं, लग्न न झालेल्यांची ओटी भरली तर दोष लागतो, पोथीत तसं आहे. नुसता नारळ देऊ, पैसे मागाहून परत करते. सगुणाकाकी एवढंच म्हणाली, "तू शिकलेली बाय, तुला ठाऊक."

बोटीपर्यंत नेणारा पडाव बंदरावर लागला होता, बोट लांब उभी होती. हेलनबाईंनी नारळ हातात घेतला. रूथबाईंनी मात्र अंगावरच्या शालीची टोकं दोन्ही हातांत धरून, आमच्यासारखी, पुढे पसरली. मी नारळ घेऊन तशीच उभी.

"माझी ओटी नाही?"

"लग्न झालं की भरतात," मी खाली बघून म्हटलं.

"मग मला परत यावं लागणार."

"नवऱ्याला घेऊन ये गो," सगुणाकाकी म्हणाली, "चार पोरं झाल्यावर आलीस तरी भरू."

सगळ्या हसल्या. रूथबाईही हसल्या. शालीची टोकं सोडून त्यांनी नारळ घेतला.

पुढे पैसे कोणी मागितले नाहीत, मीही विषय काढला नाही. कोणी विसरलं असेल, कोणी भीड धरली असेल. मला तेच बरं वाटलं.

पत्र ऐकल्यावर मी सगुणाकाकीकडे गेले. ती आमसुलांसाठी रातांबे फोडत होती. सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"पोथीत नव्हतं?"

"नव्हतं."

"अगो, तिनं पदर पसरलान होता." एवढं म्हणून ती पुन्हा रातांब्यांकडे वळली.

यंदा मी आमसुलं वाळवून विकली. एकेकीच्या दारात जाऊन आधी कारण सांगितलं, मग चार आणे ठेवले. दोघी राहू दे म्हणाल्या, मी ऐकलं नाही. एकीनं दार लोटून घेतलं. काल शेवटची पावली सगुणाकाकीला दिली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, कनवटीला लावली आणि म्हणाली, "माझे तरी फिटले."