सगळ्यांना येणारं गाणं

मी शाळेतून निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी नालवाडीला आमच्या घरी आली. साताऱ्याकडची. भुलाबाईच्या गाण्यांवर प्रबंध लिहीत होती आणि भुलाबाई तिने कधी पाहिली नव्हती. त्यांच्याकडे भोंडला असतो. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडच्या मुली मातीची भुलाबाई मांडतात, संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात, हे तिने वाचलेलं होतं. मी देवळीच्या शाळेत वर्षानुवर्षं मुलींकडून ती गाणी बसवून घेतली, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

तिच्याजवळ गाण्यांची यादी होती. प्रत्येक गाण्यापुढे एक ते पाच यांतला आकडा टाकायचा होता. पाच म्हणजे सगळ्यांना येणारं गाणं, एक म्हणजे एखाद्याच घरात उरलेलं. आधी मी अंदाजाने आकडे टाकावेत, मग दोघींनी गावोगाव जाऊन ते तपासावेत, असं तिने ठरवलं होतं. मी पेपर तपासावेत तसे तासाभरात आकडे टाकून मोकळी झाले. यादी वाचताना एक गाणं त्यात नाही हे माझ्या लक्षात आलं. ते मी शेवटी स्वतःच्या हाताने लिहिलं:

माझ्या भुलाबाईच्या अंगावर कळ्या,
मोजता मोजता उमलल्या सगळ्या.
खुडू नको माय, तोडू नको माय,
आपसूक गळल्या की अंगणात गाय.

पुढे पाच लिहिले. "हे कसं राहिलं तुमच्या यादीत? हे तर शेंबड्या पोरीलाही येतं," असंही म्हणाले.

पहिल्यांदा पवनारला गेलो. एका ओळखीच्या बाईंच्या ओसरीवर शेजारच्या दहा-बारा जणी जमल्या. मुलगी एकेका गाण्याचं नाव घेऊन विचारायची, येतं का, आणि बाया माना हलवायच्या, नाही. ती हिरमुसली. मग मी विचारणं सोडून गाणंच सुरू केलं, तर ज्या नाही म्हणाल्या होत्या त्याच दुसऱ्या ओळीला माझ्या पुढे निघाल्या. त्यांना गाणी येत होती. आपल्याला येतात हे मात्र ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गाण्यांना मी पाच दिले होते ती सगळ्याजणी मोठ्या आवाजात सुरू करत आणि चार ओळींनंतर एकमेकींकडे बघत थांबत. शेवट कुणालाच येत नव्हता. उलट एका म्हातारीने अगदी अनोळखी गाणं म्हटलं, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न अडखळता. फार लोकांच्या तोंडी असलेलं गाणं थोडंथोडं सगळ्यांकडे असतं, असं मी त्या मुलीला म्हणाले. तिने ते वहीत लिहून घेतलं.

शेवटी मी कळ्यांचं गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या, कुणी उचललं नाही. मी पुन्हा म्हटलं. एक बाई सांभाळून घेत म्हणाली, "चाल चांगली हाय मॅडम. तुमच्या शाळेतलं हाय का?"

त्यानंतरच्या दोन महिन्यांत आम्ही सात-आठ गावं केली. सगळीकडे तेच. मला ते लागत गेलं. एखाद्या गाण्याचा आकडा चुकला तर काय मोठंसं, असं घरचे म्हणाले. पण लहानपणी जे गाणं गात अख्खी गल्ली माझ्याबरोबर फिरली असं मी समजत आले होते, ती गल्लीच खोटी ठरते की काय, असं मला वाटू लागलं होतं. फक्त देवळीजवळच्या एका खेड्यात तीन सुना ते गाणं म्हणाल्या. मी इतकी खूश झाले की त्यांनी ते कुठे ऐकलं हेही विचारलं नाही. ते त्या मुलीने विचारलं. तिघीही माझ्याच शाळेत शिकलेल्या निघाल्या. मी त्यांना ओळखलं नव्हतं.

"मग तुम्हाला कुणी शिकवलं?" परतताना मुलीने विचारलं. मी म्हणाले, शिकवायला कशाला लागतं, आमच्या घरी सगळ्यांना येत होतं. हे बोलताना माझ्याच लक्षात आलं की घरी म्हणजे मला आणि काकूला.

काकू म्हणजे माझी चुलती. वय ऐंशीच्या पुढे, अजून नाचणगावला, माझ्या लहानपणीच्या गल्लीतच राहते. पुढच्या रविवारी आम्ही तिच्याकडे गेलो. तूर सोलत बसली होती. मी गाणं म्हणायला लागले तशी तिचे हात थांबले. शेवटच्या ओळीला तिने मला अडवलं.

"गाय कुठून आली ओ त्याच्यात?"

"तसंच आहे ना ते, काकू."

"अंगणात जाय. गाय नाई, जाय. गळून पडल्या का मंग अंगणात जाय, असं हाय ते."

मग तिने जे सांगितलं ते मला अजिबात माहीत नव्हतं. मी सहा वर्षांची असताना भुलाबाईच्याच दिवसांत मला कांजिण्या झाल्या. आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून मी काकूकडे होते. गल्लीतल्या पोरी यायच्या त्या बंद झाल्या. त्यांच्या आयांनी त्यांना आमच्या दारातही उभं राहू दिलं नाही. मी खाजवायची, फोड फोडायची, अंगणात जायचं म्हणून रडायची. काकू हात धरून धरून थकली आणि तिने गाणं केलं.

"तू आयकतच नव्हती मायं. गाण्यात सांगतलं त आयकलं," ती म्हणाली. आणि माझ्या डाव्या भुवईवरच्या खड्ड्याला बोट लावून पुढे म्हणाली, "ही एक फोडलीच तू."

त्या कळ्या फुलांच्या होत्या असंच मी जन्मभर धरून चालले होते. शाळेत मुलींना कागदाची फुलंसुद्धा लावायला लावली होती. 'जाय'ची 'गाय' माझ्याच तोंडात कधीतरी झाली असणार, कारण आजार विसरल्यावर 'अंगणात जाय' याला अर्थच उरला नव्हता. त्या तीन सुनाही 'गाय'च म्हणाल्या होत्या. म्हणजे ते गाणं काकूकडून थेट कुणाकडेच गेलं नव्हतं. जिथे गेलं तिथे माझ्या चुकीसकट, माझ्याकडून गेलं होतं.

मी थोडी खजील झाले. मुलगी मात्र आनंदली होती. तिने यादी काढली आणि काकूला आकड्यांचं समजावून सांगितलं. मग विचारलं, या गाण्याला किती द्यायचे?

काकूने जरा विचार केला. "एक लिव," ती म्हणाली. "ते हिच्यासाठीच केलं होतं. हिले आलं, झालं."

मी म्हणाले, आता निदान दोन तरी होतात, देवळीकडे म्हणतात. काकू म्हणाली, ते गायीचं गाणं वेगळं, त्याले तू काय द्यायचे ते दे. मुलीने खरोखरच तसं केलं. एकाच गाण्याच्या दोन नोंदी: 'जाय' एक, 'गाय' दोन. करणारीचं नाव टाकू का, असं विचारल्यावर काकूने नको म्हटलं. अशी गाणी बाया करतच होत्या, त्यात नाव कशाले, म्हणाली.

"आणखी केली होती का तुम्ही?" मुलीने विचारलं.

"केली असतीन. ही तीन आठवडे पडून होती, एका गाण्यावर का भागते? ही बरी झाली, मंग कोणाले म्हणून दाखवू? गेली ती."

मुलीचा पेन वहीवर तसाच राहिला. मी काकूच्या समोर बसले, सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या आणि सोलू लागले. ऊन ओसरीवरून खाली उतरलं होतं. काकू मुलीला विचारत होती, साताऱ्याकडे लेकरं आजारी पडली तर काय म्हणतात.