कर्ण्याच्या तोंडासमोर

केबल आली आणि आमच्या भागातली टुरिंग टॉकीज बंद पडली. तिचा कर्णा माझ्या मंडपवाल्या दोस्तानं उचलून आणला. परातीपेक्षा मोठं पत्र्याचं तोंड. आमच्या नेकनूर गावात तेव्हा घरोघरी नवे टेप डेक आणि त्यांचे स्पीकरचे काळे खोके आले होते. आम्हा दोघांना ते पसंत नव्हते.

"खोक्यातला आवाज खोक्यातच ऱ्हातो बे," दोस्त म्हणायचा. "कर्ण्यातला माणूस म्होरं येऊन हुबा ऱ्हातो."

खरंच होतं ते. लहानशा मशीनवरही तबल्याची थाप अंगावर यायची, गायकानं घेतलेला श्वास ऐकू यायचा. आणि आम्हा कर्णेवाल्यांची एक रीत होती. कर्णा जवळून ऐकायचा नाही. चालू करायचा आणि लांब जायचं. शब्द जिथवर स्वच्छ कळतील, तेवढी त्याची इज्जत.

त्या दुपारी बायको दळण घेऊन गिरणीवर गेली. "पोरीकडं ध्यान असू द्या," एवढंच म्हणाली. पोर सहाएक महिन्यांची, पाळण्यात झोपलेली. कर्णा आम्ही घरातच, रस्त्याकडं तोंड करून ठेवला. कर्णा आणि दार यांच्या मध्ये पाळणा होता. तो मला दिसत होता, हे मी लपवणार नाही. कॅसेट लावली. सुरुवातीचा आलाप अगदी हळू होता म्हणून आवाजाचं बटण बरंच फिरवलं. तरी ती जागी झाली नाही. आम्ही बिनघोर निघालो.

वेशीपाशी पोचलो तेव्हा तबला सुरू झाला. शब्दन् शब्द कळत होता. दोस्तानं माझा दंड धरला, "ऐक बे! हितवर!" आम्ही आणखी पुढं, पुलापर्यंत गेलो. गावातून मागनं आलेली एक म्हातारी थांबून म्हणाली, "कुणाच्यात लगीन हाय रं? त्या गल्लीत तर कान फाटायलेत."

मी पळत सुटलो. पावलागणिक आवाज वाढत होता. ज्याच्यावर इतका जीव होता, तोच आवाज आता छातीवर बुक्क्या मारत होता. दारात तर मला माझा श्वाससुद्धा ऐकू येईना.

बटण बंद केलं. पोर टक्क जागी होती. रडत नव्हती. मी टाळी वाजवली. तिनं पापणी हलवली नाही. दोस्तानं ताट वाजवलं. काहीच नाही.

"झोपेत हाय आजून," तो म्हणाला, पण माझ्याकडं बघेना. थोड्या वेळानं गुपचूप निघून गेला.

बायको आली तेव्हा मी पाळण्यामागं उभा होतो.

"कावून टाळ्या वाजवायलात?"

मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पिठाचा डबा खाली ठेवून ती तशीच बसली. कानाचा डॉक्टर बीडला, आणि बीडची शेवटची गाडी गेलेली. सकाळच्या गाडीनं जायचं ठरलं. पोरीला मोठेपणी कुणी हाक मारतंय आणि ती पाठमोरी चालत चाललीय, एवढंच मला दिसत होतं.

दिवेलागणीला बायको उठली, दाराआड गेली आणि हळूच म्हणाली, "बाळे."

पोर आढ्याकडं बघत राहिली.

"ए बाळे... माय माझी."

पोरीनं मान वळवली. दाराकडं.

बायको चौकटीला धरून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग पोरीला छातीशी घेऊन माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता तुमी बोलवा. दुसऱ्या बाजूनं, त्या कानाला."

मी तोंड उघडलं. आवाजच फुटेना.