अब्बांचं पत्र्याचं रॉकेट

१९५७ सालची थंडी नुकतीच सुरू झाली होती. रत्नागिरीच्या अंगणात अब्बा आणि मी शेंगा सोलत बसलो होतो. आकाशातून एक ठिपका सरसर गेला. तो रशियाचा उपग्रह नव्हता, त्याच्या मागून फिरणारा रॉकेटचा गाभा होता, हे पुढे कळलं. अब्बा कतारला, दोह्याला नोकरीवर परतले आणि त्यांनी तुपाच्या डब्यांतून ते रॉकेट बनवलं: सरळ, पेन्सिलीसारखं. रशियाने आणखी जड काही वर पाठवल्याची बातमी रेडिओवर आली, की फिटर अब्बा त्याच्या माथ्यावर नवा तुकडा डाक देऊन जोडत.

दहा वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, अम्मी आणि मी त्यांना भेटायला निघालो. मुलांनो, तुम्ही आता विमानाने चार तासांत पोचता. आम्ही जहाजाच्या डेकवर वळकट्या पसरून, भाकऱ्या नि सुकट खात कितीतरी दिवस काढले. माझ्या वहीत वर्तमानपत्राचं एक कात्रण लपवलं होतं. पॅरिसच्या प्रदर्शनात रशियनांनी ते रॉकेट प्रथमच उघडपणे मांडलं होतं, आणि त्याच्या बुडाशी चार मोठे शंकू होते. अब्बांचं रॉकेट चुकलं होतं. कसं सांगायचं?

दोह्याला जहाज दूरच थांबलं. होडीतून किनारा गाठला. सूक वाकिफच्या बाजारातून खजूर घेऊन खोलीवर गेलो. रॉकेट फळीवर, चकाचक. शेजारचे श्रीवर्धनचे चाचा म्हणाले, "तुझा बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला ह्याच्यावर भाषण देतो!"

तिसऱ्या दिवशी मी कात्रण पुढे केलं. अब्बांनी ते रॉकेटशेजारी धरून पाहिलं.

"काय फिटरसाहेब," चाचा हसले, "दहा वर्षं टोप्या शिवल्यात, पायजमा विसरलात!"

"टोप्या तर बरोबर होत्या ना?" अब्बा म्हणाले. "रशियन बूड तेच ठेवून वर वाढवत गेले, हे मी ओळखलंच होतं. बाय, यल्ला, चल, पत्र्याची कात्री आण."

तीन शंकू त्यांनी जोडले. चौथा जोडायला माझ्या हातात दिला.

त्याच घराण्यातलं रशियाचं सोयूझ आजही माणसं वर नेतं. अब्बांचं रॉकेट माझ्या कपाटावर आहे. आता मुलांनो, नीट वाचा. कात्री धाकट्याला, तो हाताने काम करतो. कात्रण थोरलीला. रॉकेट दोह्यात, मदिनत खलीफात राहणाऱ्या माझ्या नातीला. ती उत्तर इंग्रजीत देते, पण प्रश्न चांगले विचारते. तिला सांगा, चौथा शंकू वाकडा आहे. तो सरळ करू नकोस.